बाबांनी मान वळवली

३ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद वगैरे आज नाही. आधी वाच.

तुझ्या चित्रपटाची पुस्तिका हातात पडली. तू पाठवली नव्हतीस, तुझी तेवढी छाती नाही. कॅमेरावाला घेऊन आला. दारातच उभा राहिला, बूटही काढेना, आणि म्हणाला, "ताई, फोटो छान छापलेत. फोटोच बघा." त्या बिचाऱ्याला लपवाछपवी जमत नाही. मी त्याच्यासमोरच मजकूर उघडला.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू विक्रेता होतोस. दोन मिनिटांत मलाच वाटायला लागतं की चूक माझी. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही आणि मला जन्मात एकदा तरी वाक्य पूर्ण करायचंय.

"निर्मितीमागची माणसं" असा मथळा आहे. आपण चौघांनी मिळून केलेला चित्रपट, आणि माणसं छापलीस तीन. पहिला कॅमेरावाला. "प्रकाश आणि मानवी देह यांच्या नात्याचा त्यांनी प्रदीर्घ अभ्यास केला आहे." अरे, इस्पितळात एक्स-रे काढायचा तो! अजूनही कॅमेरा सुरू करताना तोंडातून "श्वास घ्या, धरा" निघतं आणि शॉट संपला की "सोडा". बाबांनी पहिल्या दिवशी खरंच श्वास धरला होता, आठवतं? चेहरा लाल झाला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं.

दुसरा आपला मावसभाऊ. "ध्वनी आणि निःशब्दता यांच्या सीमारेषेवर दीर्घकाळ वास्तव्य." दुकानात कानाची यंत्रं विकायचा हे वास्तव्य! दर वाक्याच्या शेवटी "ऐकू येतंय ना?" म्हणायची खोड अजून गेली नाही. पण त्याला निदान हसू आलं असेल वाचून. मलाही आलं. तिथपर्यंत मी हसतच होते.

मग तुझा परिच्छेद. अख्खा उतरवते, म्हणजे तुझं तुलाच ऐकू येईल.

"दिग्दर्शक आणि संकलक. अनेक वर्षं एका बिनखिडकीच्या खोलीत अनोळखी माणसांच्या लग्नांची दृश्यं जुळवत त्यांनी संकलनाची कला आत्मसात केली. वडिलांना लकवा झाल्यावर त्यांच्या खाटेशेजारी टेबल मांडून, त्यांचं बोलणं नजरेतून वाचत, त्यांनी हा चित्रपट घडवला."

वाचून मला आधी बरं वाटलं रे. म्हटलं, पोरानं आपल्याबद्दल किती छान लिहिलंय. मग वर नाव बघितलं.

बिनखिडकीची खोली माझी. स्टुडिओच्या मागची, जिथे पंखा लावला की आवाज ऐकू यायचा नाही आणि बंद केला की जीव जायचा. लग्नं मी जुळवली. रडणाऱ्या आया, कॅमेऱ्याला हात करणारे काका, जेवताना तोंड चुकवणाऱ्या आत्या, सगळं मी. स्टुडिओवाले पाठीशी उभं राहून एकच धडा द्यायचे: "गिऱ्हाइकाला आपलं माणूस दिसता कामा नये." दिवा धरणाऱ्याचं कोपर दिसलं, काप. आपल्या पोराचं डोकं आलं, काप. माझे हात आपोआप कापायला लागले होते. आणि तेव्हा तू काय करत होतास? गाद्या विकत होतास. टाय लावून दुकानादुकानांत फिरायचास आणि गिऱ्हाइकासमोर बुटांसकट आडवा होऊन दाखवायचास. त्यात लाज कसली? चांगला विकायचास. त्यातल्याच एका गादीवर बाबा शेवटपर्यंत झोपले.

मी सापडले शेवटच्या पानावर, विशेष आभारांत. वायरिंगवाला, मग आवाज नको म्हणून दिवसभर लिफ्ट बंद ठेवणारे सोसायटीचे सेक्रेटरी, आणि मग "ताई (घर वापरू दिल्याबद्दल)".

चोर घरात शिरला तर टीव्ही नेतो. तू माझं काम नेलंस, आणि बाबांच्या उशाशी बसलेली वर्षंही नेलीस. मला पुस्तिकेत आणि पडद्यावर माझं नाव हवंय, संकलक म्हणून, या महिन्यात सभागृहात होणाऱ्या मोठ्या खेळाच्या आधी. एवढंच मागते. नाही दिलंस तर पुढचं तुझ्यावर.

ताई
(घर वापरू दिल्याबद्दल)


८ फेब्रुवारी

धाकट्या,

तू स्वतः उत्तर दिलं नाहीस, बायकोला पुढे केलंस. ती गुणी आहे म्हणून मी तिचा फोन ऐकून घेतला. तिनं आवाज खाली घेऊन तुझा निरोप सांगितला: पुस्तिका छापून झाल्यात, पडद्यावरची नावं आता बदलता येत नाहीत, पुढच्या चित्रपटाला नक्की. आणि गाद्यावाल्याचा चित्रपट बघायला कोण येणार, लोकांना कळा सोसलेला दिग्दर्शक लागतो. वर हेही, की "ताईला नावाची हौस कधीपासून लागली?"

माझ्या मनाचं वाक्य नाही हो, त्यांचंच आहे, असं म्हणून तिनं मला जपायचा प्रयत्न केला. मला माहितीये तुझंच आहे. लहानपणीही तू असंच म्हणायचास. शेवटचा तुकडा उचलायचास आणि म्हणायचास, ताईला कुठे आवडतं.

हौस? बाबांचं तोंड वाकडं झालं त्या सकाळी तू एका दुकानाच्या उद्घाटनाला गेला होतास. मी समजू शकते. पण मग पुढच्या महिन्यात? पुढच्या वर्षी? दर वेळी कुठलं तरी दुकान होतंच. मी स्टुडिओ सोडला, मशीन घरी आणलं, टेबल त्यांच्या खाटेला चिकटवून लावलं. एक डोळा पडद्यावर आणि एक त्यांच्यावर. पाणी हवं असलं की ते पापणी दोनदा मिटायचे, कूस बदलायची असली की माझ्या खुर्चीच्या पायाकडे बघायचे. हे मला कुणी शिकवलं नाही. आता तू ते छापलंयस, "नजरेतून वाचत". वाचायला आधी समोर बसावं लागतं, राजा.

बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं ते आपल्याहून झरझर वाचायचे. ताटापलीकडून आपलं प्रगतिपुस्तक वाचून दाखवायचे आणि तुझे गुण कमी असले की मुद्दाम चुकीचे वाचायचे, आईला कळू नये म्हणून. तुझ्यासाठी त्या माणसानं तेवढं केलं. तू काय केलंस? ते आजारी पडल्यावर पहिल्यांदा घरी आलास तो कॅमेरा घेऊन.

तर आता खरी गोष्ट. तुझी बायको बोलता बोलता बोलून गेली की खेळाच्या दिवशी मंचावर संकलनाचं प्रात्यक्षिक आहे. मशीन समोर ठेवून संकलकानं एक प्रसंग सगळ्यांदेखत उलगडून दाखवायचा. आणि आयोजकांनी प्रसंग मागितलाय तो बाबांनी मान वळवण्याचा. सगळे त्याबद्दलच विचारतात म्हणे, आणि तुला तयारी करून द्यायची ती ताईनं.

म्हणून तुला ताई आठवली होय! एरवी तुला मशीन चालू करायला कुठलं बटण दाबतात हे ठाऊक नाही. दोन महिने माझ्या खुर्चीमागे उभा राहून "हे जरा हळू कर ना" म्हणणं म्हणजे संकलन नव्हे.

माझं उत्तर नाही असं आहे. मंचावर आडवा होऊन दाखव. ते तुला येतं.

ताई


१२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

माझं डोकं जरा शांत झालंय. कॅमेरावाला येऊन बसला, चहा प्यायला, म्हणाला, "ताई, पोराची अब्रू जाईल, आणि चित्रपटाची पण. तुमचाच आहे ना तो?" माझाच आहे. म्हणून विचार केला, आपलंच माणूस आहे, तोंडघशी कशाला पाडायचं. माझ्या नावाचं मी पुन्हा काढत नाही. घे, नसेल तुझ्या मनात तर राहू दे.

या पत्रासोबत डिस्क पाठवतेय. तिच्यात पूर्ण प्रसंग आहे, जसा मी जुळवलाय तसा. मंचावर काय करायचं ते सोप्या भाषेत लिहिते, पाठ कर.

आधी प्रसंग एकदा पूर्ण दाखव. बाबांचं तोंड भिंतीकडे, दाराचा आवाज, मग ते हळूहळू मान वळवतात आणि दाराकडे बघत राहतात. तुझी पावलं. कट. लोक गप्प होतील. होऊ दे, घाई करू नकोस. मग आवाज वेगळे काढून ऐकव. दाराची कडी वेगळी आहे, पंखा वेगळा आहे, तुझी पावलं मावसभावानं नंतर त्याच्या जिन्यात चालून घेतलीत. त्याचं नाव घे, त्याला बरं वाटेल.

मग सांग की आता मी तुम्हाला मूळ शॉट दाखवतो, जसा कॅमेऱ्यानं टिपला तसा. हे वाक्य असंच म्हण. शॉटवर जा, उजवीकडचं बटण दाब, यादीत सगळ्यात खाली "सर्व बदल काढा" असं येईल, ते दाब. मग मोठ्या पडद्यावर चालव. बाकी काही बोलायची गरज पडणार नाही. जो काय परिणाम व्हायचा तो आपोआप होईल.

आधी घरी करून बघायला तुझ्याकडे मशीन नाही, ते एका परी बरंच. तालीम केलेलं माणूस मंचावर कळतं. तू ताजा दिसशील.

नीट जेव. घसा जप. निळा शर्ट घाल, तो तुला शोभतो.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र मी बंद करून कॅमेरावाल्याकडे देतेय. तू मंचावरून उतरलास की त्यानं ते तुझ्या हातात द्यायचं. आत काय आहे ते त्याला माहीत नाही. म्हणजे आता तू हे वाचतोयस तेव्हा सगळं उरकलेलं आहे. लोक उठून गेलेत किंवा कुजबुजताहेत, आणि तुला अजून नीट उमगलेलं नाही की काय झालं. सांगते.

तो शॉट उलटा आहे.

तू आलास त्या दिवशी बाबांचं तोंड दाराकडेच होतं. ते नेहमी तसेच निजायचे. तूच कॅमेरावाल्याला सांगून ठेवलं होतंस, आधी कॅमेरा लाव, मी मग आत येतो, म्हणजे खरंखुरं मिळेल. मिळालं. दार उघडलं, उशीवर उजेड आला, त्यांनी तुला बघितलं आणि मान फिरवली. सावकाश, मोठ्या कष्टानं, पलीकडे. तू तेव्हा खाली वाकून बुटाची नाडी सोडत होतास. वर बघितलंस तोवर त्यांचं तोंड दुसरीकडे होतं. तू विचारलंस, "बघितलं का मला?" कॅमेरावाला म्हणाला, "बघितलं, बघितलं." खोटं नव्हतं ते. बघितलंच होतं.

पुढे बाबा गेले. तू माझ्या शेजारी स्टुलावर बसून हा शॉट परत परत लाव म्हणायचास, आणि मी लावायचे नाही, काही तरी निमित्त काढायचे. एक दिवस तू रडायलाच लागलास. मला ते बघवलं नाही. तुला चहा करायला पाठवलं आणि शॉट शेवटाकडून सुरुवातीकडे उलटा फिरवला. खिडकीचा पडदा हलतो, त्याला सुलट-उलट काही नसतं. पापणीलाही नसतं. शेवटी उजेड विझतो, त्याच्या आधी कापलं. तू कप घेऊन आलास तेव्हा बाबा तुझ्याकडे वळत होते. तुझ्या हातातून कप पडला. आठवतं? मी फरशी पुसली आणि गप्प बसले.

त्या एका शॉटवर तुझा सगळा बडेजाव उभा आहे. मुलाखतीत सांगतोस ना, "वडिलांनी मला माफ केलं, आणि ते कॅमेऱ्यात आहे." कॅमेऱ्यात काय आहे ते आज सगळ्यांनी बघितलं असेल. तू स्वतःच्या बोटानं बटण दाबलंस आणि भरल्या सभागृहात बाबांनी तुझ्याकडे पाठ फिरवली. मला फार बरं वाटतंय. अगदी मनापासून सांगते, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

उठून कुणी विचारलं असेल, उलटा का केला हो? तर काय सांगितलंस? संकलकाला कारण माहीत असतं. तू तर संकलक.

आता छाप पुस्तिका. छाप, की बाप ज्याला बघून तोंड फिरवतो तो हा.

ताई


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

बेत फसला. तुला माहीतच आहे. पण मला माझ्या तोंडानं म्हणू दे, कारण तुझी फजिती बघायला मी शेवटच्या रांगेतलं तिकीट काढलं होतं, नवी चप्पल घातली होती, आणि मंचावर बघते तर तुझ्या जागी कॅमेरावाला! दिग्दर्शकांचा घसा बसलाय म्हणे. तो माणूस आधी मशीनकडे बघून घामाघूम झाला, मग त्यानं मशीन बाजूला सारलं आणि एक्स-रेच्याच गोष्टी सांगितल्या. हाड मोडलेला माणूस कॅमेऱ्यासमोर कसा लाजतो, श्वास धरायला सांगितलं की खरा चेहरा कसा दिसतो. लोक हसले, टाळ्या पडल्या. कळलं ना, एक्स-रेवाल्याला ऐकायला लोक येतात ते? गाद्यावाल्यालाही आले असते.

बाहेर पडताना त्यानं मला गाठलं. आदल्या दिवशी तू रिकाम्या सभागृहात तालीम केलीस. मी लिहिलं होतं ताजा दिसशील, तरी केलीस. विक्रेता तो विक्रेता, माल आधी तपासून घेणार. तुम्ही दोघंच होता. तू बटण दाबलंस, शॉट चालला, आणि तू पहिल्या रांगेत जाऊन बसलास. मग म्हणालास, पुन्हा लाव. पुन्हा. तिसऱ्यांदा त्यानं पत्र काढून तुला दिलं, त्याला म्हणे राहवलं नाही. त्याला मी चार शब्द सुनावणार होते. पण तोच म्हणाला, "ताई, तुम्ही पूर्ण फ्रेम बघितलीय का हो?"

मी म्हटलं, मला शिकवू नका.

मग तुझा फोन आला. इतक्या दिवसांनी मी उचलला तो शिव्या ऐकायच्या तयारीनं. तू काही विकलं नाहीस. तू एवढंच म्हणालास, "ताई, बाबा तुझ्याकडे बघतायत. आणि तू माझ्याकडे बघतेयस." मी फोन ठेवला.

धाकट्या, मी दुसऱ्या दिवशी मशीन लावलं. खाटेची जागा अजून रिकामीच आहे, टेबल तिथेच. मूळ शॉट काढला. त्याच्यात उजव्या कडेला मी आहे.

मी विसरून गेले होते. पहिल्याच दिवशी, शॉट हातात आल्या आल्या, मी तो कडेनं कापला होता. धुतलेल्या चादरी, एक कोपर, अर्धा चेहरा, मध्ये आलेलं आपलं माणूस. विचारही केला नाही. स्टुडिओतला हात, कोपर दिसलं की कापतो. पुढचे दोन महिने मी कापलेला शॉटच बघत राहिले. त्याच्यात बाबा दारापासून तोंड फिरवतात आणि पुढे भिंत आहे. मी तुला "सर्व बदल काढा" लिहिलं ते उलटा फिरवलेलं निघावं म्हणून. कापलेलंही निघेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढे भिंत नाही. पुढे मी आहे. चादरींची चळत छातीशी धरून उभी आहे आणि दाराकडे बघतेय, वेड्यासारखी हसतेय, कारण तू आला होतास. पोर आलं एकदाचं, एवढंच माझ्या तोंडावर आहे. आणि बाबा तुला बघून मान वळवतात ती माझ्याकडे. किती कष्टानं वळवतात. पापणी दोनदा मिटतात. पाणी मागतायत की "आला बघ" म्हणतायत की आणखी काही, मला सांगता येत नाही. जिला सांगता आलं असतं ती तुझ्या बुटांकडे बघत होती.

किती वर्षं मी मनात धरून ठेवलं होतं की बाबांनी तुझ्याकडे पाठ फिरवली. त्याच्या जोरावर मी तुझी सगळी नाटकं सहन केली. म्हणायचे, मिरव रे, खरं काय ते मला ठाऊक आहे. ते पण गेलं. तुझ्यावर रोखलेलं हत्यार माझ्याच पायावर पडलं, आणि तू हे पाहणारा पहिला माणूस झालास याचा मला राग येतोय. हे बघायचा पहिला हक्क माझा होता. तो पण तू नेलास.

काल तुझी बायको आली होती. तू नवी नावं करून पाठवलीस, त्यात मी संकलक आहे, आणि पुस्तिका पुन्हा छापायची तयारी आहे, मजकूर ताईनंच लिहावा. शिवाय तुझं म्हणणं की शॉट आता खरा लावू, सुलट, पूर्ण, माझ्यासकट. रडत होतास म्हणे. तिनं मला पाणी आणून दिलं, मी का ते विचारलं नाही.

मजकूर लिहिलाय, सोबत आहे. कॅमेरावाला इस्पितळात एक्स-रे काढायचा, मावसभाऊ कानाची यंत्रं विकायचा, दोघांचं तसंच लिहिलंय. माझं एकाच ओळीचं आहे: लग्नांच्या फिती जुळवत होती, आजही जुळवते. तुझ्यापुढे लिहिलंय: गाद्या विकत होता, चांगल्या विकायचा, घरी कमी येत असे. यातला एक शब्द हलवायचा नाही.

आणि शॉट बदलायचा नाही.

नीट वाच. चित्रपटात तो जसा आहे तसाच राहील, उलटा आणि कापलेला. लोकांसाठी बाबा तुझ्याकडेच वळतील. लोक रडतील, तुला भेटून तुझा हात हातात घेतील. आणि जिथे जिथे हा चित्रपट लागेल तिथे तू जायचंस, सभागृहात मधोमध बसायचंस आणि शेवटपर्यंत बघायचंस. घसा बसला म्हणायचं नाही, बाहेर जाऊन उभं राहायचं नाही. दर वेळी ते तुझ्याकडे मान वळवतील आणि दर वेळी तुला माहीत असेल. तू गेलास की नाही ते कॅमेरावाला मला सांगेल, त्याला खोटं बोलता येत नाही. एकदा जरी चुकलास तर मी सगळ्यांना सांगेन.

मी येणार नाही. मला ते बघायची गरज नाही.

डिस्क परत पाठव. तिची नक्कल केली असशील तर पुसून टाक. मूळ शॉट माझ्याकडे राहील, तो मागू नकोस, पाया पडलास तरी मिळणार नाही. सकाळी काम सुरू करायच्या आधी मी तो एकदा सुलट लावते. दार उघडतं, उशीवर उजेड येतो, बाबा मान वळवतात. आता मी त्यांच्याकडे बघते.

ताई